सगळ्यात खालची ओळ

१

"पहिली काच बरी, की दुसरी?"

हा प्रश्न मी दिवसभर इतक्या वेळा विचारतो की झोपेतही बडबडतो, असं बायको सांगते. उत्तरही ठरलेलंच. "दोन्ही सारख्याच वाटतात." मग मी पुन्हा काच बदलतो. "आता?" "आता जरा बरं. की मघाचं बरं होतं? परत दाखवा ना." चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्याला देवानं संयम जरा जास्त द्यायला हवा होता. मला मिळाले ते नुसते डोळे. पन्नाशी उलटली, तरी लांबचा नंबर नाही.

दुकानाचा पुढचा भाग म्हणजे काचेचं काउंटर, भिंतभर फ्रेमा आणि काउंटरमागे स्टुलावर बायको. मागे तपासणीची खोली. खोली कसली, बोळच. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला आरसा. अक्षरांचा तक्ता लांब असावा लागतो आणि आमची खोली तेवढी लांब नाही. म्हणून तक्ता खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, बसणाऱ्याच्या डोक्याच्या वर लावलेला, आणि वाचायचा तो समोरच्या आरशात. त्यावरची अक्षरं मुद्दाम उलटी छापलेली असतात, आरशात ती सुलटी दिसतात. तक्त्याच्या पेटीत ट्यूब आहे, ती बारीक आवाजात सतत गुणगुणते. खोलीतला दिवा मालवला की तेवढाच उजेड आणि तेवढाच आवाज.

खुर्ची आणि मागची भिंत यांच्यातली फट एवढीशी, की केर काढताना झाडू आडवा करून घालावा लागतो. आणि ती भिंत म्हणजे नुसती भिंत आहे. खिडकी नाही, कपाट नाही. पलीकडे शेजारच्या इमारतीची भिंत. हे इतकं बारीकसारीक सांगतोय, कारण पुढे मला ते स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

बायकोला मोबाइलवरच्या अक्षरखेळाचं वेड. गोलात इंग्रजी अक्षरं विखुरलेली असतात, ती जुळवून छोटे छोटे शब्द करायचे. शब्द लागला की खाली त्याचा अर्थ येतो. समोर गिऱ्हाईक फ्रेम नाकावर चढवून "कशी दिसते?" म्हणून विचारत असतं आणि हिचं डोकं खाली.

"अहो, ई-एफ-टी, एफ्ट म्हणजे काय माहीत आहे? पालीसारखा एक प्राणी. पाण्यातला."

"मला काय करायचंय?"

"सहज सांगितलं."

असं दिवसभर सहज. कुणी बोलता बोलता चार इंग्रजी अक्षरं उच्चारली, तरी ती उलटीपालटी केल्याशिवाय हिला चैन पडत नाही. मी कपाळाला हात लावायचो आणि काचा पुसायला घ्यायचो.

२

एका सकाळी बसचा एक ड्रायव्हर आला. अंगानं दांडगा, आवाज गडगडाटी, आणि नंबर लागेल या भीतीनं घामाघूम झालेला. वरचं एकुलतं एक मोठं अक्षर त्यानं कसंबसं वाचलं. दुसऱ्या ओळीत 'एफ'ला 'पी' म्हणाला. तिसऱ्या ओळीवर थबकला.

"साहेब, इथून पुढे सगळ्या मुंग्या आहेत."

मी काच काढायला काचांच्या पेटीत हात घातला. तेवढ्यात तो म्हणाला, "खालची वाचू?"

"खालची कुठली?"

"सगळ्यात खालची. ती स्वच्छ आहे."

सगळ्यात खालची ओळ वाचताना कॉलेजातली पोरंसुद्धा डोळे बारीक करतात. मी काही बोलायच्या आत त्यानं सुरुवात केली. "आर. ए. ए. जे."

असल्या गिऱ्हाइकांचा मला मनस्वी वैताग येतो. डोळ्यांची तपासणी म्हणजे यांना तोंडी परीक्षा वाटते. काहीतरी ठोकून दिलं की पास.

"हे बघा, अंदाजपंचे बोलू नका. या तक्त्यात 'जे' नाहीच."

"आहे की. शेवटचं."

"अहो, मी रोज बघतो हा तक्ता."

"मग नीट बघा," तो म्हणाला. चेष्टा करत नव्हता. उलट मलाच काहीतरी दिसत नाही, याची त्याला काळजी वाटल्यासारखा तो आरशाकडे बघत होता.

मी आरशात पाहिलं. खालची ओळ नेहमीचीच होती. 'जे' नव्हतं.

खोलीच्या दारावरच्या पडद्यापलीकडून बायकोचा आवाज आला. "आर, ए, ए, जे? राजा! इंग्रजीतही चालतो राजा."

ड्रायव्हर खूश झाला. "बघा, तक्ता मला राजा म्हणतोय," म्हणत हसला, फ्रेम पसंत करून गेला. मीही विसरलो असतो. पण जेवताना बायको म्हणाली, "त्यात अजून एक होतो हो. ए-जे-ए-आर. अजार."

"आजार?"

"आजार नव्हे. अजार. म्हणजे किलकिलं. दार धड लावलेलंही नसतं आणि धड उघडंही नसतं, तसं."

"त्या मागच्या भिंतीला दारच नाही."

"मी कुठे म्हटलं आहे म्हणून? मी फक्त अर्थ सांगितला."

३

शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या त्या सुईत दोरा जात नाही म्हणून. मी नेमानं लांबचं आणि जवळचं दोन्ही तपासतो, तेव्हा त्यांनाही खुर्चीत बसवलं. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसल्या. मधल्या ओळी त्यांना धुक्यातल्या. आणि मग मी काही विचारायच्या आतच, पाठ केलेलं म्हणावं तसं एका सुरात त्यांनी म्हटलं, "एल, आय, एस, एल."

माझ्या हातातली काच निसटता निसटता राहिली.

"हे कुठे दिसलं तुम्हाला?"

"तळाला."

"मधलं दिसत नाही आणि तळाचं दिसतं?"

"मला काय विचारता? तक्ता तुमचा," बाई फणकारल्या. "आणि तेवढं मागचं बंद करा बघू. पाठीला वारं लागतंय."

मागे बंद करण्यासारखं काही नव्हतं. पण गिऱ्हाइकाला 'हो' म्हणायची जिभेला सवय. मी "हो, करतो," म्हणालो आणि जागचा हललो नाही. थोड्या वेळानं बाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

त्या गेल्यावर बायकोनं शब्द जुळवून ठेवलेलेच होते. "इल्स. म्हणजे दुखणी."

"वा. दुकानावर पाटी लावू."

"आणि दुसरा, सिल. उंबरा. दाराचा नाहीतर खिडकीचा, खालचा कट्टा असतो ना, तो."

मी तिच्यावर उखडलो. हीच गिऱ्हाइकांना पढवून आत पाठवते की काय, असंही एक क्षण वाटून गेलं. पण त्या बाई आणि बसचा ड्रायव्हर यांच्यात संगनमत व्हायचं कारण काय? दुपारी दुकान रिकामं झाल्यावर मी पेटी उघडली. तक्ता बाहेर काढला, भिंगातून अक्षर न् अक्षर पाहिलं. पेटीत एक ट्यूब आणि मेलेली चिलटं, बाकी काही नाही. आरसा दोनदा पुसला. मग स्वतः खुर्चीत बसलो आणि आरशात बघून खालची ओळ वाचली. सगळी अक्षरं जागच्या जागी. पाठीला वारंबिरं काही नाही.

माझा कशावर विश्वास असेल नसेल, डोळ्यांवर होता. तरी मी काळी चिकटपट्टी आणली आणि ती ओळच झाकून टाकली. म्हटलं, ना राहील बांबू, ना वाजेल बासरी.

४

निवृत्त मुख्याध्यापक आले. माणूस निवृत्त झाला होता, आवाज नव्हता. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी आधी माझ्या बिलावरच्या शुद्धलेखनाच्या चुका सांगितल्या. मग चष्मा काढला आणि आरशाकडे तोंड केलं. वरची दोन अक्षरं वाचली, पुढे मान हलवली. मी काच लावणार, एवढ्यात त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"ही शेवटची ओळ मात्र फार सुबक छापलीय. एच. जी. एन. आय."

"सर, ती ओळ झाकलेली आहे."

"काय?"

"मी स्वतः पट्टी लावलीय तिच्यावर."

"झाकलेली ओळ मी वाचीन कशी?" त्यांचा आवाज चढला. "मी खोटं बोलतोय असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मी आरशात पाहिलं. काळी पट्टी तशीच होती. वळून भिंतीकडे पाहिलं. तिथेही तशीच. ट्यूब गुणगुणत होती. मुख्याध्यापक मात्र माझ्याकडे बघतच नव्हते. ते जरासे पुढे सरकून, पाठ खुर्चीपासून सोडवून बसले होते. मागच्या बाकावरचं पोर खेटून आलं की माणूस सरकतो, तसे.

"खुर्चीत काही टोचतंय का सर?"

"टोचत नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तुम्ही इकडे समोर उभे आहात ना?"

"हो."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. पण ठीक नव्हतं, कारण फ्रेम न बघताच ते निघाले. काउंटरपाशी बायकोनं त्यांना बसायला सांगितलं, तर "पुन्हा येईन" म्हणून पायऱ्या उतरलेसुद्धा.

"एच-आय-एन-जी," बायको बोटानं काउंटरवर गिरवत होती. "हिंग!"

"हिंग इंग्रजी नाही."

"घेतलाय त्यांनी. आता इंग्रजीतही कुणी हिंग लावून विचारत नाही म्हणायला हरकत नाही." ती हसली. मग बोट थांबलं. "एन-आय-जी-एच. नाय."

"नाय म्हणजे नाही?"

"नाय म्हणजे जवळ. अगदी जवळ येऊन ठेपलेलं."

५

त्या संध्याकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं.

"आधी किलकिलं," ती म्हणाली. "मग उंबरा. मग जवळ."

"राजा, दुखणी, हिंग, असंही म्हण की. तेही त्याच अक्षरांतून निघाले."

"तेच मी आधी म्हटलं होतं. दुसरे शब्द ऐकून तुमचाच चेहरा उतरला."

"अगं, कुठलीही चार अक्षरं घे, काहीतरी निघतंच. भिंतीच्या ओलीत माणसाचं तोंड दिसतं, तसं. तुझ्या त्या खेळानं डोक्याचा भुगा केलाय."

"लोक वाचतात ते? तेही माझ्या खेळानं?"

मी आवाज वाढवला. ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला नाही दिसायचं. तुमचे डोळे चांगले आहेत."

हे वाक्य मला रात्रभर सलत राहिलं.

सकाळी मी मेहुण्याला बोलावलं. बायकोचा धाकटा भाऊ, वायरिंगची कामं करतो. स्वभावानं मोकळा. त्यानं ऐकून घेतलं आणि खांद्यावर थाप मारली. "भावोजी, ट्यूब जुनी झाली की थरथरते. डोळ्याला भलभलतं दिसतं. पाच मिनिटांचं काम." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! घरात एक तरी शहाणा माणूस निघाला.

त्यानं ट्यूब बदलली, गुणगुण थांबली. मग थरथर जातेय का बघायला तो स्वतः खुर्चीत बसला. त्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसायला घेतला आणि सहज समोर पाहिलं.

"पी, ए, एन, ई," तो म्हणाला. "अरेच्चा. चष्म्याशिवाय दिसतंय की!"

पडद्याबाहेर स्टूल करकरलं. मग बायकोचा आवाज. "पेन. लिहायचं पेन नव्हे. खिडकीच्या तावदानाची काच."

मी मोठ्यांदा हसलो, जरा जास्तच मोठ्यांदा. "काच! ऐकलंस? चष्म्याच्या दुकानात काच! याहून बिनधोक शब्द कुठला असणार?"

मेहुणा हसला नाही. त्याचा हात हळूहळू वर गेला आणि मानेमागे थांबला.

"ताई," त्यानं हाक मारली, "माझ्या कॉलरमागे काय आहे बघ गं. झुरळ असेल."

बायको आत आली. तिनं कॉलर खाली ओढली, पाहिलं, बोटं फिरवली. "काही नाही रे."

"नीट बघ."

"काही नाही. ऊठ तू." तिनं त्याला दंडाला धरून उठवलं. बाहेर चहा पाजला. तो गप्पा मारत होता, पण हात पुन्हा पुन्हा मानेकडे जात होता.

तो गेल्यावर ती पदरात बोटं पुसत म्हणाली, "तिथली कातडी केवढी गार होती. फरशीसारखी." आणि मग, "पेन हा एकच शब्द नव्हता त्यात."

"सांगू नकोस."

"नेप. एन-ए-पी-ई. मानेची मागची बाजू." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आणि त्यानं हात मागे नेला ना, तेव्हा मी हा शब्द अजून जुळवलाही नव्हता."

६

मी खोली बंद केली. गिऱ्हाइकांना सांगायचो, यंत्र बिघडलंय, नंबर बाहेरून काढून आणा, चष्मा इथे करून देतो. लोक कुरकुरत जायचे. मेहुण्याची मान अवघडली होती. उशी बदलली म्हणाला, तेल लावलं म्हणाला. मान वळवायची तर अख्खा वळायचा.

यात खरी अडचण माझ्या लक्षात आलीच नव्हती. अडचण काउंटरमागे स्टुलावर बसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसं झालं होतं. गावाचे डोळे तपासणारा मी, आणि बायको कित्येक महिने दुकानातलाच एक तयार चष्मा नाकावर ठेवून चालवून घेत होती. तिचं डोकं दुखायचं. मी "बघू, बघू" म्हणायचो. आता तीच म्हणाली, "माझे डोळे तपासा."

"दुसऱ्या दुकानात जाऊ. उद्याच जाऊ."

"स्वतःचं दुकान असताना? लोक काय म्हणतील?"

"लोक गेले खड्ड्यात. त्या खोलीत जायचं नाही."

"का? ट्यूबच खराब होती ना? की भिंतीवरची ओल?"

माझंच बोलणं मला परत करण्यात हिचा हात कुणी धरणार नाही. मी दात-ओठ खाल्ले. "तुला डोळे नाही तपासायचे. तुला पुढचा शब्द पाहिजे."

तिनं मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाली, "हो. पाहिजे. माझ्या भावाच्या मानेवर काय बसलंय ते मला कळायला नको?"

मी नाही म्हणालो. स्पष्ट शब्दांत, दोनदा. मग एक गिऱ्हाईक आलं, फ्रेमची दांडी सैल झाली होती. मी स्क्रू आवळला, मान वर केली, तर स्टूल रिकामं. पडदा हलत होता.

७

भर दुपार होती. रस्त्यावर कुणीतरी शटर वर सरकवत होतं, मोटारींचे भोंगे वाजत होते. आणि आत ती खुर्चीत ताठ बसली होती. काचा बदलून बघायची ट्रायल फ्रेम स्वतःच चढवलेली, डाव्या डोळ्यावर काळी चकती, दिवा मालवलेला.

"ऊठ."

"एकदा बघू द्या. मग उठते."

तिला ओढून काढायला हवं होतं. पण माणूस सवयीचा गुलाम. कुणी त्या खुर्चीत बसलं की माझे हात आपोआप काचांच्या पेटीकडे जातात. "लवकर वाच," मी म्हणालो. "मोठं अक्षर?"

"ई."

"दुसरी ओळ?"

"एफ... की पी? नाही दिसत." तिचा आवाज बदलला. "खालची दिसते."

"ती सोड."

"आर. एन. यू. टी." पुढच्याच श्वासात, सवयीनं, "रंट. एका वेतातलं सगळ्यात खुरटं पिल्लू."

"झालं. बास. ऊठ आता."

"दुसरा होतोय," ती म्हणाली. "टी-यू-आर-एन. टर्न."

याचा अर्थ सांगायला तिची गरज नव्हती. मी ओरडलो, "वळू नकोस!" पण लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं ऐकून तिनं एक गोष्ट केली असेल तर शपथ. ती वळली. कमरेतून पूर्ण वळली, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून मागच्या भिंतीकडे बघू लागली. मी तिच्या शेजारीच उभा होतो. तिचा अंबाडा माझ्याकडे होता, ट्रायल फ्रेमच्या दांड्या कानांमागे दिसत होत्या.

मी आरशात पाहिलं.

आरशात ती वळलेली नव्हती.

समोर तोंड करून बसली होती, डाव्या डोळ्यावर काळी चकती. ओठ हलत होते. वाचत होती काहीतरी, भराभर, थांबल्याशिवाय. आणि तिचं डोकं सरळ धरलेलं होतं. लहान मूल चुळबुळ करायला लागलं की आम्ही मागून कानशिलांशी बोटं लावून डोकं धरतो, "हलायचं नाही हं" म्हणतो, तसं. माझे दोन्ही हात काचांच्या पेटीवर होते. आरशातही माझे हात पेटीवरच होते.

पुढचं धड आठवत नाही. पेटी खाली पडली एवढं आठवतं. काचा अजूनही कपाटाखाली सापडतात. मी तिला काखेत हात घालून उचललं आणि पडद्याबाहेर आणलं, तेव्हा दुकानात दांडी सैलवालं गिऱ्हाईक आ वासून बघत होतं.

"मागे काही नाही," ती धापा टाकत म्हणत होती. "भिंत आहे नुसती. मी नीट पाहिलं. तुम्ही ओरडलात कशाला?"

"शॉक बसला," मी म्हणालो.

८

खोलीला कुलूप लागलं. आतला आरसा काढायलाही मी गेलो नाही. पुढच्या भागातच काउंटर आखडून घेतलं आणि नव्या पद्धतीचा इलेक्ट्रॉनिक पडदा बसवला. त्यात आरसा लागत नाही, अक्षरं समोरच उजळतात. गिऱ्हाइकाची खुर्ची मी भिंतीला चिकटवून टाकलीय. लोक म्हणतात, अहो, मागे रेलायलाही जागा नाही. मी म्हणतो, डोळे तपासायचेत की रेलायचंय?

बायकोला दुसऱ्या दुकानातून चष्मा आणला. डोकेदुखी थांबली. मेहुण्याची मानही हळूहळू सुटली, निदान तो तसं सांगतो. सगळं मार्गी लागलं म्हणायला हरकत नव्हती. फक्त एक गोष्ट तिनं सोडली नाही.

"तुम्हाला दिसलं होतं काहीतरी आरशात."

"नाही."

"मी वळले तेव्हा तुम्ही आरशाकडेच बघत होतात. अक्षरं होती का? कुठली होती?"

"नव्हती गं बाई."

सकाळी तेच, जेवताना तेच. गिऱ्हाइकाला बिल देता देता माझ्याकडे वळून, "सांगा ना, कुठली होती?" ते हलणारे ओठ मला वाचता आले नव्हते, हे खरं. पण सांगायचं तर ओठ कुणाचे, हे सांगावं लागलं असतं. ते माझ्यानं होणार नव्हतं.

काल दुपारी मात्र माझं डोकं फिरलं. दुकानात आम्ही दोघंच होतो, ती स्टुलावर, मी समोर, दोघांच्याही पाठी भिंतीला. तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, हिचं तोंड एकदाचं बंद करू. मनाची अक्षरं सांगायची, पण अशी की ज्यांतून काही म्हणजे काही होणार नाही. एवढं तर तिच्या खेळानं मलाही शिकवलं होतं, की स्वर नसला तर शब्द होत नाही.

"बरं, ऐक," मी म्हणालो. "एस. टी. पी. एस. झालं समाधान? बस आता जुळवत."

तिचं बोट काउंटरच्या काचेवर फिरू लागलं. एकदा, दोनदा. मी मनात म्हटलं, फिरव, संध्याकाळपर्यंत फिरव.

बोट थांबलं.

"होतो," ती म्हणाली.

"काहीतरीच काय. स्वर कुठाय त्यात?"

"नसला तरी होतो. खेळात आलाय माझ्या. पी-एस-एस-टी." तिनं चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "तुम्ही खरंच पाहिली होती ही अक्षरं? की मनाची सांगितलीत?"

"अर्थ सांग आधी."

"अर्थ असा नाही त्याला. तो आवाज आहे. बाकीच्यांना कळू न देता एखाद्यालाच हळूच बोलवायचं असलं, की करतात ना माणसं, तो."

"कसला आवाज?" मी वैतागून म्हणालो. "करून दाखव."

ती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तिच्या.

आवाज आला. अगदी हलका, दातांमधून काढल्यासारखा. आम्हां दोघांनाही ऐकू आला.

तिचे ओठ मिटलेले होते.